विदर्भाच्या उन्हाळ्यात गेमिंग कन्सोल आणि संगणक कसे सांभाळावेत

नागपूर, अकोला, चंद्रपूर, अमरावती या भागांत एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत ४२ ते ४५ अंश सेल्सिअस तापमान ही रोजची गोष्ट असते. मे २०१३ मध्ये तर नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. याच काळात शाळा-महाविद्यालयांना सुट्या लागतात, मुले दुपारभर घरात असतात आणि वर्षातील सर्वांत जास्त गेमिंगही याच दोन महिन्यांत होते. म्हणजे यंत्रावर सर्वाधिक ताण येण्याचा काळ आणि यंत्राला श्वास घ्यायला सर्वाधिक त्रास होण्याचा काळ आपल्याकडे एकच आहे. ज्यांनी नुकताच पहिला कन्सोल, गेमिंग लॅपटॉप किंवा जुळणी केलेला संगणक घेतला आहे आणि ज्यांचा त्यासह हा पहिलाच उन्हाळा आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक आकडा लक्षात ठेवावा, तो म्हणजे ३५. प्लेस्टेशन ५ आणि निन्टेन्डो स्विच ही यंत्रे ५ ते ३५ अंश तापमानाच्या खोलीत वापरावीत, असे त्यांचे उत्पादकच सांगतात. ॲपलच्या मॅकबुकसाठी ही मर्यादा १० ते ३५ अंश आहे, तर व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी ० ते ३५ अंश. जुलै २०२२ मध्ये जपान आणि युरोपात उष्णतेची लाट आली, तेव्हा निन्टेन्डो आणि व्हॉल्व्ह या दोन्ही कंपन्यांनी ग्राहकांना या मर्यादेची जाहीर आठवण करून दिली होती. त्यांच्यासाठी तो अपवादात्मक आठवडा होता. आपल्याकडे वरच्या मजल्यावरील स्लॅबच्या खोलीत, कूलर बंद असेल तर, ही मर्यादा सकाळी दहाच्या आधीच ओलांडली जाते.

पंखा नेमके काय करतो

पुढच्या सगळ्या सूचना एका साध्या गोष्टीवर उभ्या आहेत आणि ती नीट समजली, तर बाकीचे बरेचसे आपले आपल्यालाच सुचत जाते. यंत्रातील पंखा हवा थंड करत नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांनी निर्माण केलेली उष्णता तांब्याच्या नळ्यांमधून ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांपर्यंत जाते, आणि पंखा खोलीतील हवा त्या पात्यांमधून ढकलून ती उष्णता बाहेर नेतो. त्यामुळे चिप कधीही खोलीतील हवेपेक्षा गार होऊ शकत नाही. ती त्या हवेच्या किती वर राहील, एवढेच पंखा ठरवतो.

समजा, डिसेंबरमध्ये खोलीत २७ अंश तापमान असताना एखादा गेम खेळताना तुमचा प्रोसेसर ७२ अंशांवर स्थिरावत होता. म्हणजे तो हवेच्या ४५ अंश वर होता. तोच गेम, त्याच सेटिंगवर, मे महिन्यात ४३ अंशांच्या खोलीत खेळला, तर प्रोसेसर साधारण ८८ अंशांवर जाईल. यंत्रात काहीही बिघडलेले नाही, तरीही ते अडचणीच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिले. त्यात पात्यांमध्ये वर्षभराची धूळ साचली असेल, तर ४५ चा फरक सहज ५५ होतो, आणि मग मर्यादा गाठली जाते.

ती मर्यादा किती असते, हे चिपनुसार बदलते. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, तर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बऱ्याच प्रोसेसरांची ९५. मर्यादेजवळ पोहोचताच चिप स्वतःचा वेग कमी करते, ज्याला थ्रॉटलिंग म्हणतात. स्टीम डेकची चिप १०० अंशांवर वेग कमी करू लागते आणि १०५ अंशांवर यंत्र बंद करते. हा बिघाड नसून संरक्षण आहे, हे नवख्या माणसाने मनात पक्के करावे. पहिली दहा-पंधरा मिनिटे गेम सुरळीत चालून नंतर अडखळू लागला, तर गेममध्ये किंवा इंटरनेटमध्ये दोष शोधण्याआधी तापमान पाहावे.

मात्र यंत्र स्वतःला वाचवते म्हणून आपण निश्चिंत राहावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. चिप स्वतःचे रक्षण करते. पण तिच्या भोवतीचे कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे छोटे सुटे भाग), बॅटरी, डाक दिलेले सूक्ष्म जोड यांच्याकडे असे काही नसते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरबद्दल अभियंते एक ढोबळ नियम वापरतात, की तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. यंत्र वारंवार तापून पुन्हा गार झाल्याने जोडांवर ताण येतो तो वेगळाच. एक्सबॉक्स ३६० वर लाल दिवे लागून ते कायमचे बंद पडण्याची जी साथ आली होती, तिच्या मुळाशी असेच तापणे-निवणे होते. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडासाठी वॉरंटी वाढवून तीन वर्षे केली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक खर्चाची तरतूद केली. त्यानंतरच्या पिढीतील यंत्रे पुष्कळ सुधारली आहेत, पण धातू तापल्यावर प्रसरण पावतो आणि निवल्यावर आकुंचन पावतो, हे काही बदललेले नाही.

पहिली पायरी : तापमान मोजा

अंदाजावर काही करू नये. दोन तापमाने मोजावीत : यंत्रात शिरणाऱ्या हवेचे आणि यंत्राच्या आतील चिपचे.

हवेसाठी साधा डिजिटल थर्मामीटर पुरेसा आहे. खोलीतील तापमान आणि आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळवजा यंत्र फारसे महाग नसते. थर्मामीटर भिंतीवर लावू नये, तर कन्सोल किंवा कॅबिनेट जिथून हवा आत ओढते त्या जाळीच्या जवळ ठेवावा. येथे अनेकांना आश्चर्याचा धक्का बसतो. खोलीच्या मधोमध ३३ अंश असताना टीव्हीच्या शोकेसमधील कप्प्यात ४१ अंश असू शकतात, कारण कन्सोलने बाहेर टाकलेली गरम हवा त्याच कप्प्यात फिरत राहते आणि तोच ती पुन्हा आत ओढतो. उत्पादकाची ३५ अंशांची मर्यादा ही त्या जाळीपाशी असलेल्या हवेची मर्यादा आहे, खोलीच्या दुसऱ्या टोकाची नव्हे.

विंडोजवरील संगणकात टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या भागात स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचे तापमान दिसते. प्रोसेसरसाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा एचडब्ल्यूमॉनिटर यांपैकी एखादा मोफत प्रोग्राम घ्यावा. अर्धा तास गेम खेळून झाल्यावर सर्वाधिक नोंद किती झाली, ते वहीत लिहून ठेवावे आणि शेजारी खोलीचे तापमानही लिहावे. हा दुसरा आकडा नसेल, तर पहिल्याला काही अर्थ उरत नाही. दोहोंतील फरक हीच तुमच्या यंत्राची प्रकृती. दर महिन्याला हा फरक वाढत असेल तर धूळ साचते आहे, आणि फरक तेवढाच राहून दोन्ही आकडे वाढत असतील तर दोष खोलीचा आहे. उपाय कुठे करायचा, हे त्यावरून ठरते.

कन्सोल आपले तापमान दाखवत नाही. तेथे हाताचा आणि कानाचा आधार घ्यावा लागतो : मागच्या जाळीतून येणारी हवा नेहमीपेक्षा किती गरम आहे, पंख्याचा आवाज कधी चढतो, तो किती वेळाने उतरतो. थंडीत यंत्र कसे चालते हे ज्याने कान देऊन ऐकले आहे, त्याला मे महिन्यातील फरक लगेच कळतो.

दुसरी पायरी : जागा बदला

आपल्याकडील जुन्या पद्धतीच्या कॉम्प्युटर टेबलांना कॅबिनेट ठेवण्यासाठी खाली एक बंद कप्पा असतो, कित्येकदा पुढे दार असलेला. कार्यालयीन संगणकाला तो कसाबसा चालून जाई, पण ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला तो भट्टीसारखा आहे. कॅबिनेट त्या कप्प्यातून बाहेर काढावे. ते थेट फरशीवर ठेवू नये, कारण केर काढताना उडणारी सगळी धूळ त्याच उंचीवर असते. विटेएवढ्या उंचीचा पाट किंवा लाकडी चौरंग खाली द्यावा. मागची बाजू भिंतीपासून किमान वीतभर दूर असावी.

कन्सोलसाठीही तोच नियम लागू होतो. शोकेसच्या काचेच्या दारामागे तो सुरेख दिसतो, पण उन्हाळ्यापुरता तरी त्याला उघड्यावर आणावे आणि चारही बाजूंना किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी. हवा कुठून आत जाते आणि कुठून बाहेर पडते, हे प्रत्येक यंत्राचे वेगळे असते. प्लेस्टेशन ५ गरम हवा मागे टाकतो, त्यामुळे त्याला भिंतीला चिकटवणे घातक. एक्सबॉक्स सिरीज एक्स मध्ये १३० मिलिमीटरचा मोठा पंखा वरच्या बाजूला आहे आणि गरम हवा वर जाते, त्यामुळे त्याच्या डोक्यावर फळी, पुस्तके किंवा सेट-टॉप बॉक्स ठेवू नये. निन्टेन्डो स्विचची गरम हवाही वरच्या फटीतून निघते; डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडण्याच्या तळात, असताना त्यावर काही पडणार नाही याकडे लक्ष असावे.

घरातील वडीलधारी माणसे धूळ बसू नये म्हणून यंत्रावर विणलेला रुमाल किंवा प्लॅस्टिकचे कव्हर घालतात, त्यामागची काळजी खरी असते. यंत्र पूर्ण बंद करून निवले असेल तर कव्हर अवश्य घालावे, परंतु यंत्र चालू असताना किंवा स्लीपमध्ये असताना ते काढलेच पाहिजे. जाळीवर पातळ ओढणी ताणून घरगुती गाळणी बनवण्याचा प्रकारही पाहिला आहे. त्याने धूळ थोडी अडते आणि हवा पुष्कळ अडते.

लॅपटॉपची गोष्ट आणखी नाजूक आहे, कारण बहुतेक लॅपटॉप तळाच्या जाळीतून हवा ओढतात. गादीवर, उशीवर किंवा मांडीवरील चादरीवर तो ठेवला की ती जाळी पूर्ण बुजते. कडक पृष्ठभाग आणि मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलणे, एवढ्यानेच तापमान काही अंशांनी उतरते, आणि त्यासाठी दोन सारख्या उंचीचे लाकडी ठोकळेही पुरतात. बाजारातील पंखे असलेले कूलिंग पॅड घेतले तरी चालेल, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. खोलीतील ४३ अंशांची हवाच ते खालून फेकणार.

तिसरी पायरी : खोली गार करा, यंत्र नव्हे

विदर्भातील कोरडा उन्हाळा त्रासदायक असला, तरी त्याच कोरडेपणामुळे आपल्याला एक स्वस्त आणि परिणामकारक साधन मिळाले आहे, ते म्हणजे वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांचा कूलर. पाणी वाफ होताना हवेतील उष्णता शोषून घेते. दुपारी बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगल्या स्थितीतील कूलर त्या हवेचे तापमान १२ ते १५ अंशांनी उतरवू शकतो. म्हणजे यंत्राला ३५ च्या आतली हवा मिळू शकते आणि एसी नसतानाही उत्पादकाची मर्यादा पाळता येते. ताट्या दर हंगामात बदललेल्या असाव्यात, कूलर खिडकीत बाहेरची हवा घेईल असा बसवलेला असावा, आणि समोरचे दार किंवा दुसरी खिडकी थोडी उघडी असावी. बंद खोलीत कूलर तासाभरातच निष्प्रभ होतो, कारण तीच दमट हवा फिरत राहते आणि पाण्याची वाफ होणेच थांबते.

कूलरच्या ओल्या हवेने संगणक बिघडेल का, हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो. चालू असलेले यंत्र आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम असते आणि गरम पृष्ठभागावर दव धरत नाही, त्यामुळे केवळ आर्द्रतेने घाबरण्याचे कारण नाही. भीती आहे ती कूलरमधून उडणाऱ्या बारीक तुषारांची. आपल्या बोअरवेलचे पाणी जड असते. तुषार सुकले की क्षार मागे राहतात, आणि ते पात्यांवरील धुळीत मिसळून घट्ट थर बनवतात, जो नुसत्या हवेच्या झोताने निघत नाही. म्हणून कूलरचा झोत कधीही थेट कॅबिनेटवर किंवा कन्सोलवर घेऊ नये. यंत्र झोताच्या बाजूला, दोन-अडीच मीटर अंतरावर असावे, जेणेकरून त्याला गार हवा मिळेल पण तुषार पोहोचणार नाहीत. नवीन ताट्या बसवल्यावर पहिले एक-दोन दिवस पाणी जास्त उडते. त्या दिवसांत अधिक सावध राहावे.

एसी असेल तर प्रश्न बराचसा सुटतो, पण एक हिशेब मनात असावा. यंत्र जेवढी वीज खाते तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. एक टनाचा एसी सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढू शकतो. गेम खेळताना ४५० वॅट घेणारा संगणक त्यातला आठवा हिस्सा एकटाच वापरतो. सुमारे २०० वॅट घेणारा कन्सोल त्याच्या निम्म्याहून कमी. छोट्या खोलीतील एसी दुपारी आधीच पूर्ण ताकदीने चालत असेल, तर हा फरक जाणवतो. एसी १८ वर नेण्याची मात्र गरज नाही. संगणकांनी भरलेल्या डेटा सेंटरसाठी अभियंत्यांची संस्था ॲश्रे १८ ते २७ अंशांची शिफारस करते, आणि तुमच्या एका कन्सोलसाठी २७ अंश पुरेपूर आहेत. ही शीतव्यवस्था कोलमडली की मोठमोठ्यांचेही चालत नाही : १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये प्रथमच ४० अंशांचा टप्पा ओलांडला गेला, तेव्हा लंडनमधील गूगल आणि ओरॅकल यांच्या डेटा सेंटरमधील शीतयंत्रणा बंद पडून काही सेवा थांबवाव्या लागल्या होत्या.

यंत्र फ्रिजमध्ये ठेवणे, त्यावर ओले फडके टाकणे, बर्फाची पिशवी शेजारी ठेवणे यांपैकी काहीही करू नये. फ्रिजमधून काढलेल्या गार धातूवर क्षणात पाणी धरते, आणि ते आतल्या सर्किटवरही धरते.

चौथी पायरी : धूळ काढा

मार्च संपण्याच्या आत एकदा आणि मेच्या मध्यावर एकदा, अशी दोनदा सफाई करावी. उन्हाळ्यातील वावटळी, रस्त्यांची कामे, चंद्रपूरसारख्या ठिकाणी कोळशाची बारीक पूड, यांमुळे आपल्याकडे हे काम वर्षातून एकदा करून भागत नाही. कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

यंत्र बंद करून भिंतीवरील बटण बंद करावे आणि केबल काढावी. संगणक असेल तर केबल काढल्यानंतर चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. काम गच्चीवर किंवा अंगणात, सावलीत करावे. कॅबिनेटची बाजूची पाटी उघडून आतील धातूच्या सांगाड्याला हात लावावा, जेणेकरून अंगातील स्थिर विद्युत तेथे उतरेल. मग मऊ ब्रशने जाळ्या आणि पात्यांवरील थर सैल करावा आणि हातातील ब्लोअरने तो बाहेर उडवावा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवणे अत्यावश्यक आहे. झोताने पंखा त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पट फिरतो आणि त्याचे बेअरिंग जाते. पहिल्याच सफाईत मी हे केले नव्हते. ग्राफिक्स कार्डाचा एक पंखा त्यानंतर महिनाभर करकरत राहिला आणि अखेर बदलावा लागला.

एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. त्यातील कपॅसिटरमध्ये केबल काढल्यानंतरही ३०० व्होल्टच्या वर दाब शिल्लक असू शकतो. त्याची जाळी बाहेरूनच साफ करावी.

प्लेस्टेशन ५ च्या बाजूच्या पांढऱ्या पाट्या हाताने निघतात आणि आत धूळ गोळा होण्यासाठी केलेली छिद्रे दिसतात. तेथे व्हॅक्यूम क्लीनर कमी ताकदीवर लावावा. त्यापुढे मात्र जाऊ नये. या कन्सोलमध्ये चिप आणि हीटसिंक (उष्णता बाहेर नेणारी धातूची पाती) यांच्या मध्ये उष्णता पुढे नेणारा नेहमीचा लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, नसून द्रवरूप धातू आहे. तो वीज वाहून नेतो आणि ॲल्युमिनियम कुरतडतो, त्यामुळे हीटसिंक उचलल्यावर तो भलतीकडे ओघळला तर मदरबोर्ड कायमचा जाऊ शकतो. गल्लीतील मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कन्सोल उघडायला देण्यापूर्वी, त्या कारागिराने या धातूवर काम केले आहे का, हे स्पष्ट विचारावे.

संगणकातील थर्मल पेस्ट दर उन्हाळ्यात बदलण्याची गरज नसते. सफाईनंतरही हवेच्या तुलनेतील फरक कमी होत नसेल आणि यंत्र तीन-चार वर्षांचे असेल, तरच हा विचार करावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्यापेक्षा लहान एवढा नवा थेंब मध्यभागी ठेवावा. लॅपटॉप वॉरंटीत असेल, तर हे काम अधिकृत केंद्राकडूनच करून घेणे बरे.

पाचवी पायरी : उष्णता कमी निर्माण करा

येथपर्यंतच्या उपायांना थोडी धावपळ लागते. हा उपाय बसल्या जागी होतो, फुकट होतो आणि माझ्या मते नवखे लोक त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष देतात. गेममध्ये फ्रेमची, म्हणजे दर सेकंदाला तयार होणाऱ्या चित्रांची, मर्यादा घालावी. तुमचा मॉनिटर सेकंदाला ६० फ्रेम दाखवणारा असेल आणि कार्ड १४० फ्रेम काढत असेल, तर उरलेल्या ८० फ्रेमची वीज आणि उष्णता पूर्ण वाया जाते. मॉनिटर १४४ चा असला तरी उन्हाळ्याच्या दुपारी ६० किंवा ९० वर समाधान मानावे.

त्यानंतर एमएसआय आफ्टरबर्नर या मोफत प्रोग्राममध्ये ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे वीज घेण्याची मर्यादा, ८० टक्क्यांवर आणून पाहावी. वेगाचे शेवटचे काही टक्के मिळवण्यासाठी चिप अवाजवी वीज खाते. त्यामुळे वीज पाचव्या हिश्शाने घटली तरी फ्रेम त्यापेक्षा बऱ्याच कमी प्रमाणात घटतात. लॅपटॉपमध्ये विंडोजच्या पॉवर प्लॅनमधील कमाल प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ केली, की बहुतेक यंत्रांवर टर्बो बूस्ट (प्रोसेसरने तात्पुरता वेग वाढवणे) बंद होतो आणि तापमान एकदम उतरते. काही नवीन लॅपटॉपांत हा पर्याय दिसत नाही. त्यांत उत्पादकाच्या प्रोग्राममधील सायलेंट किंवा बॅलन्स्ड मोड निवडावा.

खेळण्याची वेळ हाही याच उपायाचा भाग आहे. स्लॅबच्या घरात सूर्य मावळल्यावर खोली लगेच निवत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरा-बारापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो, आणि नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या, दिवसांत बाहेरची हवाही मध्यरात्रीपर्यंत गरमच असते. चोवीस तासांतील सर्वांत गार वेळ सूर्योदयाच्या आसपासची. पहाटे पाच ते सकाळी नऊ या वेळेत मोठे गेम खेळावेत, मोठे डाउनलोड आणि व्हिडिओ रेंडर तेव्हाच लावावेत, आणि दुपारी दोन ते सहा यंत्राला विश्रांती द्यावी किंवा हलकी कामे करावीत. घरच्यांनाही रात्रीच्या जागरणापेक्षा हे वेळापत्रक अधिक पटते.

बॅटरी असलेल्या यंत्रांची वेगळी काळजी

लॅपटॉप, स्विच आणि चार्ज होणारे कंट्रोलर यांत लिथियम-आयन बॅटरी असते, आणि तिला उष्णता व पूर्ण चार्ज ही जोडी सोसत नाही. लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असेल, तर उत्पादकाच्या प्रोग्राममध्ये चार्जची मर्यादा ८० टक्के ठेवावी. आता बहुतेक कंपन्या ही सोय देतात. यंत्र गरम असताना चार्जिंग थांबले, तर तेही संरक्षणच आहे, चार्जर बदलण्याची घाई करू नये. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत लॅपटॉप किंवा स्विच पाच मिनिटांसाठीही ठेवू नये, कारण बंद गाडीच्या आतील तापमान बाहेरच्यापेक्षा फार झपाट्याने चढते.

लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेला असेल, कीबोर्ड फुगीर वाटत असेल किंवा तळ टेबलावर डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजून यंत्र ताबडतोब बंद करावे, चार्जर काढावा आणि पुन्हा चालू न करता दुरुस्ती केंद्रात न्यावे. फुगलेली बॅटरी दाबून बसवण्याचा किंवा टोचण्याचा प्रयत्न कधीही करू नये. ती पेट घेऊ शकते.

यंत्राने इशारा दिला तर

पडद्यावर तापमानाची सूचना आली तर गेम जतन करून बंद करावा, पण यंत्राची वीज लगेच तोडू नये. मुख्य पडद्यावर तीन-चार मिनिटे तसेच राहू द्यावे, म्हणजे चिपवरील भार जाऊन पंखा आत साठलेली उष्णता बाहेर काढेल, आणि मगच नेहमीच्या पद्धतीने बंद करावे. यंत्र स्वतःहून बंद पडले असेल, तर अर्धा तास तरी चालू करू नये. त्या वेळात जाळी, जागा, कूलर यांची पाहणी करावी. ३० अंशांच्या खोलीतही यंत्र असेच बंद पडू लागले, तर उन्हाळ्याला दोष देऊन चालणार नाही. पंखा बंद पडला आहे किंवा हीटसिंक सैल झाला आहे, असे समजून तपासणी करून घ्यावी.

वीज गेली की कूलर थांबतो, पण यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर संगणक चालूच राहतो, हा आपल्याकडील एक नेहमीचा सापळा आहे. वीस मिनिटांत खोली पुन्हा तापते. यूपीएस हा काम जतन करून संगणक नीट बंद करण्यासाठी आहे, दुपारच्या लोडशेडिंगमध्ये गेम संपवण्यासाठी नाही. त्याची स्वतःची बॅटरीही उष्णतेने लवकर संपते, म्हणून तिला संगणकाच्या गरम हवेच्या वाटेत ठेवू नये.

मुंबई, कोकण आणि गोव्यातील वाचकांनी यातील कूलरचा भाग सोडून द्यावा. तेथे हवा आधीच दमट असल्यामुळे पाण्याची वाफ फारशी होत नाही आणि कूलर खोली केवळ आणखी ओली करतो. तेथे तापमान सहसा ३५ च्या आसपासच राहते, त्यामुळे मोकळी जागा, पंखा आणि सफाई यांवर बरेच काही निभावते. समुद्राजवळ मात्र खारी हवा धातूचे जोड गंजवते, म्हणून सफाईच्या वेळी पोर्ट आणि स्क्रू यांवर हिरवट किंवा पांढरा थर दिसतो का, तेही पाहावे.

विदर्भात जूनमध्ये पहिल्या सरी आल्या की कूलरचा उपयोग दोन-चार दिवसांत संपतो. तापमान ३४-३५ पर्यंत उतरलेले असते, पण हवा दमट झालेली असते आणि ताट्यांतून येणारा वारा चिकट वाटू लागतो. त्या आठवड्यात यंत्र आणखी एकदा उघडून उन्हाळ्याची उरलेली धूळ काढून टाकावी, कारण कोरडी धूळ ब्लोअरने उडते आणि पावसाळी हवेत ओलावलेली तीच धूळ पात्यांना चिकटून बसते. एसीच्या खोलीत गार झालेला लॅपटॉप या दिवसांत बाहेरच्या दमट हवेत नेला, तर तो पिशवीतून लगेच काढू नये. अर्धा तास पिशवीतच राहू द्यावा आणि बाहेरच्या तापमानाला आल्यावर चालू करावा.